फॅरो बेटांवर जायचंय, शेंगेन व्हिसा चालेल का?

निवांत_भटक्या:
मंडळी, जूनअखेर डेन्मार्कला जाणं होतंय, तर तिथूनच फॅरो बेटांवर जाऊन यावं असं डोक्यात आहे. बेटं डेन्मार्कच्या राज्यातलीच आहेत म्हणजे शेंगेनवर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) काम भागेल ना? आणि १८ बेटं म्हणजे दर वेळी बोट धरायची का, बायकोला बोट लागते हो.

शिक्का_मोर्तब:
थांबा थांबा, नाही चालत. फॅरो डेन्मार्कच्या राज्यात असली तरी युरोपियन युनियनमध्ये नाही आणि शेंगेनमध्येही नाही. व्हिसाच्या स्टिकरवर फॅरोसाठी वैध असं वेगळं लिहून यावं लागतं, ते आपोआप येत नाही, डेन्मार्कचा अर्ज भरतानाच मागून घ्या.

घाटवाट:
बोटीचं टेन्शन घेऊ नका. विमानतळ वागर बेटावर, राजधानी तोर्सहावन स्ट्रेमॉयवर, पण मधे समुद्राखालून बोगदा आहे, गाडी सरळ जाते. ऐस्तुरॉय बेटाचा बोगदा २०२० मध्ये झाला, ११ किमीचा, आणि त्यात समुद्राखाली चक्क गोल चौक आहे, मधल्या खडकाच्या खांबाला निळेहिरवे दिवे, मी तर उगाच दोन चकरा मारल्या 😀 टोलनाका दिसत नाही म्हणून फुकट समजू नका, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. सांदॉयलाही २०२३ च्या डिसेंबरपासून बोगदा आहे. सुदुरॉय बेटाला मात्र अजून फेरीबोटच, साधारण दोन तास, ते वहिनींसाठी गाळा. डेन्मार्कच्या हिर्ट्सहाल्सहून नोरोना नावाची मोठी फेरीही येते पण तुमच्या घरी ते जमेलसं वाटत नाही.

निवांत_भटक्या:
व्हिसाचं सांगितलंत ते बरं झालं, मी तर विमानाचं तिकीट काढायलाच बसलो होतो. आणि पफिन पक्षी बघायचे तर?

धुकंच_धुकं:
मिकिनेस बेट. तिथे बोगदा नाही, वागरवरच्या सोरवागुर गावाहून छोटी बोट, आणि लाटा चढल्या की ती रद्द, मग दुसऱ्या दिवशी सीट मिळेलच असं नाही. हेलिकॉप्टर आहे पण ते मुळात तिथल्या लोकांच्या सोयीसाठी, पर्यटकांना एकाच बाजूचं तिकीट मिळतं, म्हणजे वहिनींना निदान एकदा तरी बोट आलीच. मिकिनेस मुक्कामाच्या सुरुवातीलाच ठेवा म्हणजे बोट बुडाली, म्हणजे रद्द झाली हो, तरी पुढे दिवस हातात राहतात. परतीचं पण बघा, वागरला धुकं बसलं की विमान उतरतच नाही, त्यामुळे कोपनहेगनहून घरी यायचं विमान त्याच दिवशीचं अजिबात घेऊ नका, मधे एक रात्र सोडा.