मदत हवी आहे : पगार कमी, 'कॅरी' जास्त. घ्यावं का?

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, घरची हळदीची अडत. मुलीला मुंबईत एका प्रायव्हेट इक्विटी फंडात (गुंतवणूकदारांच्या पैशातून कंपन्यांत हिस्से घेऊन पुढे विकणारा फंड) मोठ्या पदाची ऑफर आलीय. पगार आत्तापेक्षा कमी, पण कॅरीत, म्हणजे नफ्यातला जो हिस्सा फंड चालवणाऱ्यांना मिळतो त्यात, २ टक्के वाटा.

काल पट्टीच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. समजा गुंतवणूकदारांचे १०० कोटी, विकून आले २५०. आधी त्यांचं मुद्दल, वर ठरलेला परतावा (बहुधा वर्षाला ८ टक्के), मग कॅच-अप (त्यापुढचा नफा फंडवाल्यांचा हिस्सा भरून निघेपर्यंत आधी त्यांना) धरून एकूण नफ्याचे २० टक्के फंडवाल्यांना, म्हणजे ३० कोटी. हिचे ६० लाख. तेही ८-१० वर्षांनी! आमची अडत बरी म्हणायची.

मधेच नोकरी सोडली तर व्हेस्ट झालेला (ठरलेली वर्षं काम करून हक्काचा झालेला) वाटा तरी राहतो का? आणि क्लॉबॅक लागला (आधी जास्त दिलेली कॅरी फंडाने परत मागितली) तर टॅक्स वजा करून परत द्यायचं, की सगळंच? सही शुक्रवारी आहे, जाणकारांनी जरा सांगा.