मदत हवी आहे: मेंटेनन्सला जाणती माणसं उरली नाहीत, नव्या मुलांना तयार कसं करायचं?

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका प्रेस शॉपचं (पत्रा दाबून पार्ट बनवणाऱ्या कारखान्याचं) मेंटेनन्स बघतो. तीन पाळ्या, माणसं तेरा. वर्षभरात दोन जुने फिटर रिटायर झाले, तिसरे काका दिवाळीनंतर जातील. आयटीआयची मुलं येतात, चांगली असतात, पण अप्रेंटिसशिप संपली की चाकणची वाट धरतात. तिकडे पगार जास्त, त्यांना दोष कसा देऊ?

गेल्या महिन्यात रात्रपाळीला हायड्रॉलिक प्रेसला प्रेशर येईना. पोरांनी थेट पंप खोलला, पाच तास गेले. सकाळी काका आले. त्यांनी रिलीफ व्हॉल्व्हकडून (दाब जादा झाला की तेल टाकीत सोडणारा व्हॉल्व्ह) टाकीत जाणाऱ्या पाइपला हात लावला, तो कढत होता. म्हणजे तेल सिलिंडरकडे न जाता तिथूनच टाकीत परत जात होतं. व्हॉल्व्ह खोलला तर सीटवर, म्हणजे तो जिथे टेकून बंद होतो तिथे, कचरा अडकलेला. अर्ध्या तासात प्रेस चालू. आमच्या रजिस्टरमध्ये याची नोंद काय? 'प्रेशर प्रॉब्लेम, काम केले.' पुढच्या मुलाने यातून काय शिकायचं!

आता लक्षण, काय काय तपासलं आणि खरं कारण, असं तीन रकान्यांत लिहायला लावलंय. काकांबरोबर एक मुलगा कायमचा जोडून दिलाय. पण काका मितभाषी, हात चालतो, तोंड नाही. त्यांच्याकडून हे ज्ञान काढून घ्यायची रीत कोणाला सापडली आहे का? मोबाइलवर व्हिडिओ काढून बघितलेत का?

दुसरं, फिटरला सेन्सर आणि सोलेनॉइडची (व्हॉल्व्ह विजेवर हलवणारी कॉइल) तपासणी शिकवायची आहे. पॅनेलमधलं काम परमिटवाल्या वायरमनकडेच राहील, तरी इलेक्ट्रिशियन मंडळी नाराज आहेत. जादा कामाचा भत्ता ठेवून हे कोणी सोडवलंय का?

तिसरं, कंपनीत एकूण 30 किंवा जास्त माणसं असली की कायद्याने 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात. आम्ही किमान तेवढेच घेतो. जास्त घेऊन त्यातले दोघे कायम करावेत, असं माझं मत. मॅनेजमेंट म्हणतं, सगळं एएमसीवर (बाहेरच्या कंपनीशी वार्षिक देखभाल करार) द्या. कॉम्प्रेसर, क्रेन ठीक आहे, पण रात्री दोनला प्रेस बंद पडल्यावर बाहेरचा माणूस येईपर्यंत पाळी संपते. हे साहेबांना आकड्यांत कसं पटवून द्यावं? डाउनटाइमचा (मशीन बंद राहिल्याच्या वेळेचा) हिशोब कोणी मांडला असेल तर नमुना द्या.

सातपूर, सिन्नरकडच्या लोकांनी जरूर लिहा. काका आहेत तोवर सुरुवात करायची आहे.