कॅरिबियनमध्ये समुद्राकाठी गोल्फ: बारा जणांचा ग्रुप, कुठे जावं?

एडिसनकर

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत आमचा बारा जणांचा गोल्फचा ग्रुप आहे. बहुतेक पुण्या-मुंबईचे, दोघे नागपूरचे. नऊ हँडिकॅपपासून थेट छत्तीसपर्यंत (आकडा जितका मोठा तितका खेळ कच्चा) सगळे आहेत. थंडीत इथले कोर्स गोठलेले असतात, म्हणून फेब्रुवारीत आठवडाभर कॅरिबियनला जायचं घाटतंय. पाच जणांच्या बायका आणि एकीचा नवरा बरोबर येणार, ते खेळत नाहीत.

अट एकच आहे. लांबून निळी रेघ दिसणारा समुद्र नको, समुद्राला लागून खेळायचंय. एका टूरवाल्याने सात दिवसांत बार्बाडोस, सेंट लुसिया आणि डोमिनिकन रिपब्लिक अशी तीन बेटं आणि पाच राउंड (अठरा होलचा पूर्ण खेळ म्हणजे एक राउंड) सुचवलेत. कागदावर छान वाटतंय, पण धावपळ होईल अशी शंका येते. कोणी जाऊन आलंय का? शिवाय आमच्यात तिघे शाकाहारी आहेत, दोघे एच-वन-बी व्हिसावर आहेत आणि एक जण डावखुरा आहे.

ओव्हलवेडा

बार्बाडोस सोडू नका एवढंच सांगेन. ब्रिजटाउनचं केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचं मैदान बघायला मिळेल. 1971 च्या दौऱ्यात तिथे सरदेसाईंनी 150 केल्या आणि गावसकर 117 वर नाबाद राहिले. त्या मालिकेत गावसकरांच्या चार कसोटींत 774 धावा झाल्या. आमच्या घरी ती मालिका रेडिओवर ऐकलेली माणसं आहेत, त्यांना मी त्या मैदानाचे फोटो नेऊन दाखवले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. भारतीय पासपोर्टला बार्बाडोससाठी पर्यटनाचा व्हिसाही लागत नाही.

खारा_वारा

एडिसनकर, तुमची शंका रास्त आहे. मी साठी ओलांडलेली बाई, अटलांटात राहते, आणि आमच्या ग्रुपच्या सहली ठरवण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तीन बेटं नकोत. नकाशावर ती शेजारी-शेजारी दिसतात, पण डोमिनिकन रिपब्लिकहून बार्बाडोसला जायचं तर बहुधा मायामी किंवा पनामा गाठून पुन्हा खाली यावं लागतं. पुढे बेटाबेटांमधली विमानं लहान. बारा गोल्फ बॅगा त्यात एकाच वेळी चढतील याचा भरवसा नसतो. आमच्या ओळखीच्या एका ग्रुपच्या बॅगा दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या, तोवर त्यांचा सकाळचा राउंड भाड्याच्या क्लब्जनी उरकून झाला होता. सात दिवसांतले दोन विमानतळांवर घालवायचे असतील तरच त्या वाटेला जा.

ओव्हलवेडा, बार्बाडोस मलाही फार आवडतं, आणि मैदान बघायला जरूर जावं. पण एडिसनकरांची अट तिथे पुरी होत नाही. सँडी लेन हॉटेलचा ग्रीन मंकी हा टॉम फाझिओंनी जुन्या दगडखाणीत बांधलेला कोर्स आहे. त्या खाणीच्या भिंती बघण्यासारख्या आहेत, पण तिथे खेळायला हॉटेलात उतरावं लागतं. रॉयल वेस्टमोरलँड हा दुसरा कोर्स टेकडीवर आहे. दोन्हीकडे समुद्र दिसतो तो लांबून. सेंट लुसियातला पॉइंट हार्डी मात्र खरोखर कड्यावरचा आहे, कूर-क्रेनशॉ जोडीने आखलेला, 2023 मध्ये सुरू झाला. पुढेमागे त्या एकाच बेटासाठी स्वतंत्र सहल काढा.

या खेपेला एकच देश घ्या, डोमिनिकन रिपब्लिक. मुक्काम दोन: आधी ला रोमाना, मग पुंता काना. गाडीने जेमतेम दीड तासाचं अंतर, नवा रस्ता चांगला आहे. कोर्स तीनच खेळा आणि त्यातला एक दोनदा खेळा. यावर मी अडून बसणार आहे.

दोनदा खेळायचा तो ला रोमानातल्या कासा दे काम्पो रिसॉर्टचा टीथ ऑफ द डॉग. पीट डाय यांनी बांधलेला, 1971 मध्ये सुरू झालेला. ला रोमाना हा उसाचा आणि साखर कारखान्याचा मुलूख आहे, आजही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस दिसतो. किनारा म्हणजे नुसता प्रवाळाचा कातळ, इतका धारदार की चप्पल फाटावी. तिथल्या शेकडो मजुरांनी घण, पहारी आणि छिन्न्यांनी तो हाताने फोडला आणि वर माती आणून टाकली. हे आधी ठाऊक असलं की फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या खेळायच्या पट्ट्याच्या) कडेला उघडा राहिलेला कातळ बघताना त्या माणसांची आठवण होते. निदान मला तरी होते.

अठरापैकी सात होल पाण्याला लागून आहेत. पाच ते आठवर समुद्र डाव्या हाताला, पंधरा ते सतरावर उजव्या हाताला. उजव्या हाताने खेळणाऱ्या हौशी माणसाचा बॉल बहुधा उजवीकडेच सरकतो, त्यामुळे तुमच्यातल्या अकरा जणांची खरी परीक्षा परतीच्या तीन होलवर आहे. तुमचा डावखुरा तिथे निवांत असेल, पण पाच ते आठवर त्याची पाळी.

पाचवा पार थ्री आहे, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा, लांबी फार नाही. लहानसं ग्रीन (भोक असलेली गुळगुळीत हिरवळ), भोवती वाळू, डावीकडे सरळ कातळ आणि पाणी. लाट आपटली की आवाज आधी येतो आणि मग तोंडावर खारट तुषार. शॉटच्या वेळी टोपी धरायला हात मोकळा नसतो, म्हणून घट्ट बसणारी टोपी न्या. त्या टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) हातातला क्लब पिशवीत परत जातो आणि दुसरा निघतो, प्रत्येकाचं असंच होतं. पूर्वेकडचे व्यापारी वारे फेब्रुवारीत चांगले जोरात असतात. वारा तोंडावर असला की सातच्या आयर्नचं अंतर पाचच्या आयर्नने (आकडा लहान तितका तो क्लब लांब मारतो) मारावं लागतं, आणि तेही सावकाश. जोर लावला की बॉल वर चढतो आणि वारा त्याला हवा तिकडे नेतो.

म्हणूनच एकदा खेळून भागत नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांचे फोन बाहेर असतात, वाऱ्याचा अंदाज नसतो, ग्रीन कसं आहे ते कळत नाही. दुसऱ्या वेळी पाचव्यावर उभं राहिलात की मागच्या वेळचा वारा आठवतो, आणि आपण बॉल कुठे टाकायचा ते ठरवून टाकतो. बाराच्या बारा जण त्या दिवशी जास्त आनंदात परततात. दोन राउंडच्या मधल्या दिवशी खेळू नका, पाय समुद्रात बुडवून बसा.

आणखी एक, गवत. समुद्राकाठचे हे कोर्स बहुतेक पास्पालम गवताचे असतात. त्याला खारट पाणी चालतं, म्हणून तर इथे टिकतं. फेअरवेवर बॉल छान वर बसतो. पण ग्रीनच्या जवळून बॉल लोळवत न्यायला गेलात तर ते गवत त्याला अडवतं. तिथे वेज (बॉल उंच उचलणारा क्लब) काढा आणि उचलून टाका. ग्रीनही न्यू जर्सीपेक्षा संथ वाटतील, पट (ग्रीनवरचा लोळता फटका) जरा धीटपणे मारा. टीथ ऑफ द डॉगवर कॅडी (बरोबर चालणारा मदतनीस) घ्यावा लागतो, त्याची टीप वेगळी आणि रोख द्यायची, डॉलर चालतात. ग्रीनवर तो बोटाने जागा दाखवतो, त्यावर वाद घालू नका.

पुंता कानाकडे दोन कोर्स घ्या. काप कानातला पुंता एस्पादा जॅक निकलॉस यांनी आखलेला आहे. तिथे आठ होल समुद्राला लागून, आणि तेरावा पार थ्री पाण्यावरून पलीकडे मारायचा. दुसरा कोरालेस, फाझिओंचा, 2018 पासून पीजीए टूर या व्यावसायिक गोल्फ मालिकेची स्पर्धा तिथे होत आली आहे. शेवटच्या तीन होलना सैतानाचं कोपर म्हणतात, आणि अठराव्यावर खाडीचं पाणी ओलांडावंच लागतं. छत्तीस हँडिकॅपवाल्यांना मागच्या, म्हणजे सर्वांत लांबच्या, टीवर उभं करू नका. प्रत्येक फोरबॉलने (चौघांच्या गटाने) एकाच टीवरून खेळायचं असा काही नियम नाही. ज्याला जी टी झेपते तिथून त्याने मारावं, आणि गुण स्टेबलफोर्डने, म्हणजे प्रत्येक होलचे वेगळे गुण देऊन, मोजावेत. एखाद्याचे तीन बॉल पाण्यात गेले तर त्याने तो होल सोडून द्यावा, मागचे लोक खोळंबत नाहीत आणि त्याचा दिवसही वाया जात नाही. चौघांतले चांगले दोन स्कोअर धरून तीन फोरबॉलची आपसांत स्पर्धा लावा. नऊवाला आणि छत्तीसवाला एकाच गटात ठेवा, मजा त्यातच आहे.

कागदपत्रं_आधी

एच-वन-बीवाल्या दोघांसाठी महत्त्वाचं. वैध अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर भारतीय पासपोर्टवर डोमिनिकन रिपब्लिकचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. पण अडचण परतीची आहे. पासपोर्टवरचा एच-वन-बीचा शिक्का संपला असेल तर नुसत्या आय-797 वर (मंजुरीच्या कागदावर) परत येता येईल असं धरून चालू नका. शिक्का संपलेला असताना तीस दिवसांच्या आत परत येण्याची जी सवलत आहे, ती एच-वन-बीला फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. जवळच्या बेटांना ती लागू होते, पण एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांनाच. म्हणून त्या दोघांचे शिक्के आजच बघा. शिवाय डोमिनिकन सरकारचा ई-तिकीट नावाचा फॉर्म प्रत्येकाने येताना-जाताना ऑनलाइन भरायचा असतो. तो फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या साइट्सच्या नादी लागू नका.

एडिसनकर

खारा वारा ताई, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. आज संध्याकाळीच ग्रुपला वाचून दाखवतो. तीन बेटं रद्द. शिक्क्यांचंही विचारलं, एकाचा डिसेंबरात संपतोय, बरं झालं कळलं. आता राहिले शाकाहारी, न खेळणारी मंडळी आणि आमचा डावखुरा. टी टाइम (खेळ सुरू करायच्या वेळा) किती आधी घ्यावे?

खारा_वारा

टी टाइम शक्य तितके आधी. फेब्रुवारी हा त्यांचा ऐन हंगाम. तीन फोरबॉल लागोपाठ हवेत असं पहिल्याच निरोपात लिहा, नाहीतर एक गट सकाळी आणि दुसरा दुपारी अशी विभागणी होते. टीथ ऑफ द डॉगची फी शेकडो डॉलरांत आहे, मुक्कामासकट पॅकेज घेतलं तर बरीच कमी पडते. दोनदा खेळायचं म्हटल्यावर हा फरक मोठा आहे. सकाळची वेळ घ्या, दुपारी वारा वाढतो. सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होतो.

शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत, फक्त विचारून घ्यावं लागतं. रोजच्या जेवणात भात आणि घेवड्याची आमटी असतेच, पण तिच्यात कधी मांसाचा तुकडा तर कधी चिकनचा मसाला पडतो. ‘सिन कार्ने, सिन पोयो’ (मांस नको, चिकन नको) एवढं पाठ करून ठेवा. कच्च्या केळ्याचे तोस्तोनेस, सकाळी मांगू (उकडून कुस्करलेली कच्ची केळी), उकडलेला युका हा कंद, हवे तेवढे अवोकाडो, आणि चिनोला म्हणतात त्या फळाचा (पॅशन फ्रूट) आंबट रस. राउंडनंतर तो रस मीठ घालून प्या, उन्हाने आलेला शीण जातो. रेस्टॉरंटच्या बिलात 18 टक्के कर आणि 10 टक्के सेवा आधीच लावलेली असते, तेवढं बघून मग टीप ठेवा.

न खेळणाऱ्यांची मला नेहमी काळजी असते, कारण टूरवाले त्यांना तलावाकाठी बसवून मोकळे होतात. कासा दे काम्पोला लागून चावोन नदीच्या कड्यावर आल्तोस दे चावोन हे दगडी गाव उभारलंय, अँफिथिएटर आहे, खालची नदी बघत तासन्‌तास बसता येतं. एक दिवस बोटीने कातालिना बेटावर जा. दुसरा दिवस सांतो दोमिंगोला, अमेरिका खंडातलं पहिलं कॅथेड्रल तिथल्या जुन्या शहरात आहे आणि ते जुनं शहर 1990 पासून जागतिक वारसा यादीत आहे. तुम्ही विश्रांती घ्याल त्याच दिवशी ही सहल ठेवा, म्हणजे सगळे बरोबर जाल. समुद्री शेवाळाचा त्रास साधारण मार्चपासून वाढतो, फेब्रुवारीत किनारे बहुतेक स्वच्छ मिळतात.

डावखुऱ्याने स्वतःचा सेट न्यावा. भाड्याने डाव्या हाताचे क्लब मिळतात, पण मोजकेच, आणि ग्राफाइट शाफ्ट हवा असेल तर आणखी पंचाईत. बॅगेचे पैसे विमान कंपनी घेईल ते घेऊ दे. कठीण कव्हर घाला, ड्रायव्हरचं डोकं काढून मोज्यात गुंडाळून वेगळं ठेवा. आणि बॉल घरूनच भरपूर न्या, तिथल्या दुकानात ते फार महाग पडतात.