तालीम, जिमखाना आणि परीक्षा : फुटबॉल खेळत शिकलेल्यांचे अनुभव

पेठेतला बॅक
कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजे केएसएच्या नव्या हंगामासाठी खेळाडूंची नोंदणी सुरू झाल्याची बातमी परवा वाचली आणि बी.एस्सी.च्या काळातले सगळे मार्च महिने डोळ्यांपुढे उभे राहिले. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे थंडीत सोळा वरिष्ठ संघांची साखळी स्पर्धा होते आणि ती संपली की उन्हाळ्यापर्यंत एकामागून एक बाद पद्धतीच्या स्पर्धा चालतात, त्यामुळे विद्यापीठाचे परीक्षेचे वेळापत्रक लागते नेमके त्याच सुमारास शाहू स्टेडियमवर उपांत्य सामने रंगात आलेले असतात. कॉलेजच्या संघातून खेळणाऱ्याला हजेरीसाठी जिमखान्याचे पत्र तरी मिळते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा किंवा प्रॅक्टिस अशा पेठांतल्या तालीम-मंडळांच्या संघांकडून खेळणाऱ्याला ते कोण देणार? तालमीचे लेटरहेड रसायनशास्त्र विभागात चालत नाही. माझ्या सॅकमध्ये बूट आणि जर्नल एकत्रच असत. प्रात्यक्षिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी टायट्रेशनच्या पानावरचा वाळलेला डाग दाखवून ‘हे कोणते द्रावण सांडले?’ असे विचारले, तेव्हा मी ‘सर, गांधी मैदान’ एवढेच म्हणालो. ते मूळचे मिरजेचे असावेत, कारण हसले आणि पान उलटले. ज्यांनी कॉलेज आणि मैदान दोन्ही सांभाळले, त्यांनी आपले अनुभव जरूर लिहावेत.

डोंबिवली फास्ट विंगर
दादा, तुमच्याकडे निदान मैदान घराजवळ होते. मी डोंबिवलीहून माटुंग्याच्या कॉलेजात जात असे आणि तिथून वांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा मैदानावर किंवा कूपरेजला सामन्यासाठी. लोकलमध्ये गुडघ्यांवर किटबॅग, तिच्यावर अकाउंट्सचे पुस्तक आणि आजूबाजूच्या काकूंचे ‘एवढी मोठी पिशवी कशाला गं?’ हे चालू. ज्यांच्या नावाच्या मैदानावर आम्ही खेळायचो, त्यांनी १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली होती, हे काकूंना सांगून पाहिले. त्यांना त्यापेक्षा मी कुठे उतरणार, हे कळण्यात अधिक रस होता. मुलींच्या संघात अकरा जणी जमवणे हाच मोठा प्रश्न असल्याने ‘उद्या अंतर्गत चाचणी आहे, मी येत नाही’ असे म्हणण्याची सोय नव्हती. एक जण आली नाही, तर बाकीच्या दहा जणींचा सामना अडचणीत येई. अभ्यास झाला तो ठाण्यापासून पुढे, गर्दी ओसरून बसायला जागा मिळाल्यावर.

हाफटाइम
गांधी मैदानाचे द्रावण! आमच्या काळात त्याची संहती पावसाळ्यात फार वाढत असे. बाकी सवडीने लिहितो, गॅसवर दूध आहे.

निवृत्त मास्तर
मी सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवत होतो आणि काही वर्षे जिमखाना समितीवरही होतो, म्हणून टेबलाच्या दुसऱ्या बाजूचे लिहितो. खेळाडू विद्यार्थी आळशी असतो, हा समज शिक्षकांच्या खोलीत पक्का असे, आणि तो बहुधा चुकीचा असे. खरी अडचण वेळापत्रकाची आहे आणि ती सत्र पद्धतीने वाढवली. वार्षिक परीक्षा होती तेव्हा खेळाडू पावसाळा आणि हिवाळा मैदानावर घालवून शेवटच्या दोन महिन्यांत तरी अभ्यासाला बसू शकत असे. वर्षात दोन परीक्षा आल्यावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पहिल्या सत्राच्या तोंडावर येऊ लागल्या, आणि ज्यांची निवड विभागातून आंतरविभागीय स्पर्धेसाठी व तिथून विद्यापीठाच्या संघात होई, ते पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी दुसऱ्या राज्यात असताना इकडे प्रकल्प आणि तोंडी परीक्षा उरकून जात. लेखी पेपरासाठी काहीतरी मार्ग निघतो. अंतर्गत गुण मात्र वर्गात प्रत्यक्ष बसलेल्यालाच मिळतात. पंचाहत्तर टक्के हजेरीच्या नियमात खेळासाठीची अनुपस्थिती धरता येते, पण त्यासाठी क्रीडा संचालकांचे पत्र विभागप्रमुखांपर्यंत वेळेवर पोहोचावे लागते, आणि ते शिपायाच्या टेबलावर दोन आठवडे पडून राहिल्याने डिफॉल्टरच्या यादीत नाव लागलेली मुले मी पाहिली आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाच्या श्रेयांकांमध्ये खेळाला स्थान मिळाले, हे चांगलेच झाले. तथापि, श्रेयांक मिळाले म्हणून चुकलेला कॉस्टिंगचा तास परत होत नाही. त्यासाठी कोणीतरी शिक्षकाने संध्याकाळी थांबावे लागते, आणि थांबणारे शिक्षक प्रत्येक महाविद्यालयात दोन-तीनच असतात.

पेठेतला बॅक
मास्तर, त्या दोन-तिघांपैकी एकजण आम्हाला लाभले होते. सामना संपल्यावर आम्ही स्टेडियममधून थेट त्यांच्या घरी जात असू आणि त्यांच्या सौभाग्यवती आम्हाला आधी अंगणातल्या नळावर पाय धुवायला पाठवत.

एका फॉरवर्डचा बाप
माझा मुलगा सध्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पेठेतल्या संघाकडून खेळतो. त्याच्या आईचे म्हणणे असे की खेळायचे तर कला शाखा घ्यायची होती. मला ते पटत नाही, कारण कला शाखेतही वाचावे लागते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला आणि २०१७मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या प्रत्येक आईबापाला आपल्या पोराचे काय करावे हा प्रश्न पडला आहे. त्याला प्रबोधिनी होती, वसतिगृह होते, तिथेच शाळेची व्यवस्था होती. माझ्या मुलाला एटीकेटी आणि रविवारचा सामना आहे. पोरगा रात्री पाय बर्फाच्या बादलीत ठेवून मॅथ्स-थ्री सोडवतो. मी त्याला काही बोलत नाही, फक्त बर्फ संपला की आणून देतो.

ओहायोकर
इकडे अमेरिकेत ‘कॉलेज फुटबॉल’ म्हणजे निराळाच खेळ, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पीएच.डी. करताना मी सांख्यिकीच्या प्राथमिक वर्गाला सहायक म्हणून शिकवत होतो आणि वर्गात विद्यापीठाच्या संघातील काही खेळाडू असत. कागदावर इकडची व्यवस्था हेवा वाटावा अशी आहे. हंगामात सक्तीचा सराव आठवड्याला वीस तास आणि दिवसाला चार तासांपेक्षा अधिक घेता येत नाही, खेळाडूंसाठी स्वतंत्र अभ्यासकेंद्र आणि शिकवणी असते, आणि खेळण्यास पात्र राहायचे तर दुसरे वर्ष संपताना पदवीचा चाळीस टक्के, तिसऱ्याअखेर साठ आणि चौथ्याअखेर ऐंशी टक्के भाग पूर्ण व्हावा लागतो. गोम अशी की सामन्याचा अख्खा दिवस हिशेबात फक्त तीन तास धरला जातो, आणि प्रवास किंवा मालिशतज्ज्ञाकडे घालवलेला वेळ त्यात येतच नाही. माझा एक विद्यार्थी सोमवारी सकाळी आठच्या तासाला डोक्याला टोपी लावून पहिल्या बाकावर बसे, कारण मागे बसला तर झोप लागते, असे त्यानेच मला सांगितले होते. त्याचा विषय सल्लागाराने निवडला होता, सरावाच्या वेळेत बसणारा. त्याला स्वतःला जीवशास्त्र हवे होते, पण प्रयोगशाळा दुपारी असे आणि दुपारी सराव.

नियम असले म्हणजे शिक्षण होते असे नाही, याचा पुरावा नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील प्रकरणात आहे. तिथे अठरा वर्षे असे वर्ग चालले की ज्यांत तास होत नसत आणि एका निबंधावर उत्तम श्रेणी मिळे. २०१४च्या चौकशी अहवालानुसार ३,१००हून अधिक विद्यार्थ्यांनी ते घेतले आणि त्यांत जवळजवळ निम्मे खेळाडू होते. त्याच देशात मायरन रोल हाही घडला. फ्लोरिडा स्टेटचा हा बचावपटू २००८मध्ये ऱ्होड्स शिष्यवृत्तीची मुलाखत देऊन विमानाने आला आणि त्याच दिवशीच्या मेरीलँडविरुद्धच्या सामन्यात मध्येच उतरला. पुढे ऑक्सफर्डला जाऊन आला आणि आता तो मेंदूशल्यविशारद आहे. संघांना त्याचेच नाव सांगायला आवडते.

हाफटाइम
दूध उतू गेले, ते असो. मेंदूशल्यविशारद निघालाच आहे, तर आपले डॉ. टालिमेरेन आओ विसरू नका. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार होते, त्याच काळात कोलकात्यात वैद्यकीय शिक्षण घेत होते, मोहन बागानकडून खेळत होते, आणि १९५०मध्ये एम.बी.बी.एस. होऊन पुढे नागालँडला परतले. ब्राझीलचा सॉक्रेटिसही रिबेरांव प्रेतोला डॉक्टरकी शिकत शिकत बोताफोगो संघाकडून खेळला. मोठ्या क्लबकडे तो पदवी हातात पडल्यावरच गेला.

निवृत्त मास्तर
ही नावे खरी आहेत, परंतु वर्गात ती सांगणे मी सोडून दिले होते. मुले ऐकतात, मान डोलावतात आणि बाहेर जाऊन विचारतात की सर, जर्नलची मुदत दोन दिवस वाढेल का.

लिगामेंट
मी फार लिहिणार नाही. शेवटच्या वर्षाला गुडघा गेला आणि हंगाम तिथेच संपला. ज्या संघासाठी मी पेपर बुडवले होते त्याच्या कार्यकर्त्यांनी शस्त्रक्रियेसाठी वर्गणी काढली, हे मी विसरू शकत नाही. ते पेपर पुन्हा द्यायला लागले तेव्हा मात्र अर्ज मी एकट्याने भरले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींत मिसळायची माझी इच्छा नाही.

डोंबिवली फास्ट विंगर
लिगामेंट, आता चालता ना नीट? मीही फिजिओच्या चकरा मारलेल्या आहेत, काही विचारायचे असेल तर निःसंकोच विचारा.

लिगामेंट
चालतो, जिनाही चढतो. रविवारी पोरांना गोलरक्षण शिकवतो, कारण त्यात धावावे लागत नाही, असा माझा समज होता.

एका फॉरवर्डचा बाप
एक विचारायचे राहिले. सरकारी भरतीतील पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी तालमीच्या स्पर्धांची प्रमाणपत्रे चालतात का? घरात एक अख्खी फाइल भरली आहे.

निवृत्त मास्तर
स्थानिक स्पर्धांची चालत नाहीत. शासन निर्णयात दिलेल्या स्तरांवरील स्पर्धांचीच धरली जातात, आणि तीही आधी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयातून पडताळून घ्यावी लागतात. भरतीची जाहिरात आल्यावर धावपळ करू नका, पडताळणीचा अर्ज आत्ताच द्या, मूळ प्रमाणपत्रे घेऊन मुलाला स्वतः पाठवा, आणि सामना नसलेला वार निवडा.