मदत हवी आहे : घंटेच्या मांडवाचं चौपाखी छप्पर, कोपऱ्याचा सांधा कसा करावा?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव दापोली तालुक्यात. देवळापुढे चार खांबांचा कौलारू मांडव आणि त्यात क्रूस कोरलेली पोर्तुगीज घंटा. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा ती आली, असं जुनी माणसं सांगतात. भीमाशंकरला, मेणवलीला आहे ना, तशीच. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात छप्पर उचललं गेलं. तेव्हापासून वर पत्रा आहे, आणि पावसात त्याच्या आवाजापुढे आरतीची घंटा ऐकूच येत नाही. यंदा छप्पर पुन्हा लाकडात करायचं ठरलंय. मी सिव्हिल इंजिनियर, पण आजवर सगळं काम आरसीसीचं.

खांबांमधलं अंतर 9 फूट, वळचण अडीच फूट बाहेर, चढ 35 अंश. साधारण 350 मंगलोरी कौलं लागतील, म्हणजे कोरडी असतानाच पावणेनऊशे किलो. घंटा उतरवून तोलली तर 135 किलो भरली. ती जागेवर स्थिर असते, हलतो फक्त लोलक. युरोपातल्या मनोऱ्यांत घंटाच झुलते आणि तिचे आडवे हिसके बसतात, तसं इथे नाही. त्यामुळे मला घंटेपेक्षा वाऱ्याची काळजी जास्त.

मोडलेला कोपरा मी जपून ठेवलाय. किंजळीच्या खांबाची कूस, म्हणजे तुळईच्या भोकात बसणारी टोकाची जीभ, मुळाशीच तुटली आहे. कधीतरी दुरुस्तीत कुणीतरी तिच्यात लोखंडी खिळा मारला होता. त्याच्याभोवती लाकूड शाईसारखं काळं पडलंय, नखाने उकरलं तरी भुगा निघतो. शेजारच्या कोपऱ्यात लाकडी खुंटी आहे, तिथली कूस आजही खणखणीत.

आता अडलंय ते असं. चारही कोनवासे, म्हणजे कोपऱ्यांतून शिखराकडे जाणारे तिरके वासे, वर एका ठोकळ्यात भेटतात. आमचे सुतारकाका म्हणतात, घंटेच्या तुळईवर मधोमध खांब उभा करून ठोकळ्याला आधार द्या. मला वाटतं, खांबांच्या डोक्यावरून फिरणाऱ्या चार तुळया कोपऱ्यांत ताणाला पक्क्या बांधल्या, तर कोनवाशांचा बाहेरचा रेटा त्याच घेतील. मधल्या खांबाची गरज नाही, घंटेची तुळई मोकळी राहील. पण त्याच कोपऱ्यात दोन तुळयांच्या अर्ध्या खाचा, आरपार जाणारी कूस आणि वर कोनवाशाची खाच, एवढं सगळं येतं. 6 इंची लाकडात मग उरतं काय?

कुणी असा सांधा केला असेल तर कूस किती जाड ठेवली? तुळया कोपऱ्याच्या बाहेर किती काढल्या? आणि वारा छप्पर उचलू नये म्हणून स्टेनलेस स्टीलची पट्टी लावावी, की दोन खुंट्या पुरतील? काका तो काळा कोपरा बघून धातूचं नावच काढू देत नाहीत. हाताने काढलेल्या आकृतीचा फोटो टाकलात तरी फार मदत होईल. लाकूड पुढच्या महिन्यात कापायला घेतोय.