एप्रिलअखेर सहकुटुंब सफारी: ताडोबा, पेंच की कान्हा?

गोदाकाठ
एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात चार मोठी माणसं आणि दोन मुलं (9 आणि 6 वर्षं) जाणार आहोत. सासूबाई 68 वर्षांच्या, कंबर दुखते. नाशिकहून समृद्धीने आमच्याच गाडीने नागपूर, तिथून पुढे चार रात्री. मुलांना वाघ हवाच आहे, पण दिवसभर फक्त त्याच्यामागे फिरायचं नाही. काय निवडू? दोन जंगलं जमतील का?

सागवान
या दिवसांत वाघासाठी ताडोबाच. साग-बांबूचं पानगळीचं जंगल, एप्रिलमध्ये नजर आतपर्यंत जाते. पाणवठे मोजके उरतात, त्यामुळे उन्हाच्या वेळी वाघ पाण्यात येऊन बसतो. त्याची किंमत म्हणजे ऊन. चंद्रपूरचा पारा 45 च्या आसपास असतो आणि जिप्सी (सफारीची जीप) उघडी.

कान्हा सुंदर आहे, सालाचं दाट जंगल, मोठी कुरणं. 1970 च्या सुमारास 66 वर आलेला बारासिंगा तिथेच तगला. तो मुलांना दाखवायलाच हवा, पण या खेपेला नको. नागपूर ते कान्हाचं खटिया गेट 260 किमीच्या आसपास, जाण्या-येण्यातच वेळ संपेल. हिवाळ्यात जा, पहाटेसाठी लोकर घेऊन.

पेंचचं तुरिया गेट नागपूर-जबलपूर रस्त्यावर खवाशावरून आत, नागपूरहून दोन तास. रानकुत्र्यांची टोळी बघायची तर पेंच. मोहाची फुलं गळत असली तर अस्वलाचीही आशा.

आणि हॉटेलच्या आधी गेट ठरवा. सफारीचा परवाना ठरावीक गेटचा असतो, तो ऐन वेळी बदलून मिळत नाही. मोहर्ली आणि कोलारा ही ताडोब्याची दोन गेटं. मोहर्लीत खोली आणि कोलाऱ्याचा परवाना असं झालं, तर जंगलाला बाहेरून वळसा घालत जवळपास दोन तास गाडी, तेही पहाटे अंधारात. नागपूरहून उमरेड-चिमूरमार्गे कोलारा जवळ पडतं.

पळसफूल
सागवान यांच्याशी बाकी सहमत, पण दोन जंगलं एकत्र करायची असतील तर माझा विरोध आहे. कोलाऱ्याहून तुरियाला सामानासकट चार-पाच तास लागतात, म्हणजे एक सफारी गेलीच. आजी आणि मुलं बरोबर असताना चारही रात्री एकाच ठिकाणी काढा.

वार तपासा: ताडोब्याचा कोअर (जंगलाचा आतला गाभा) मंगळवारी बंद, मध्य प्रदेशात (कान्हा, पेंचचं तुरिया) बुधवारी दुपारची फेरी नसते.

आजींना रोज दोन फेऱ्या झेपणार नाहीत. त्यांच्यासाठी फक्त सकाळच्या घ्या. परवाना नावावर असतो, त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाला बसवता येत नाही, म्हणून हे बुकिंगच्या वेळीच ठरवा. जिप्सीत त्यांना मधल्या ओळीत बसवा. मागची सीट चाकावर येते, सगळे दणके तिथेच बसतात. एका जिप्सीत सहा पर्यटक, त्यामुळे तुमचं कुटुंब एकाच गाडीत मावेल.

गोदाकाठ
मग ताडोबा नक्की. कोअरचे परवाने संपले असतील तर बफर (कोअरभोवतीचा पट्टा) घ्यावा का?

सागवान
जरूर घ्या, बफरला कमी लेखू नका. वाघाला हद्द ठाऊक नसते. बफरची गेटं: कोलाऱ्याजवळ अलिझंझा, मदनापूर; मोहर्लीकडे आगरझरी, देवाडा, जुनोना. दोन कोअर आणि एक बफर अशी जोडणी मला सर्वांत पटते. परवान्यावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळू द्या, मूळ ओळखपत्र बरोबर ठेवा.

टिटवी
एक भर. पाणवठ्यावर पाच मिनिटांत कंटाळून "पुढे चला" म्हणू नका. इंजिन बंद करून थांबायला सांगा आणि कान द्या. शिकारी प्राणी दिसला की हरणं इशाऱ्याची हाक (कॉल) देतात. चितळ बिबट्याला, रानकुत्र्यांना बघूनही ओरडतं. सांबराचा जाड, खणखणीत कॉल आला आणि पुन्हा पुन्हा आला, तर जागा सोडू नका. सांबर उगाच ओरडत नाही.

मुलांना गेटवरच लघवीला नेऊन आणा. आत ठरलेल्या जागा सोडल्या तर खाली उतरता येत नाही. प्रत्येकी दीड लिटर पाणी, ओला सुती पंचा, सकाळसाठी पातळ जॅकेट. लाल-पिवळे कपडे नकोत. मोबाइल कोअरमध्ये वापरू देत नाहीत, फोटोसाठी कॅमेरा घ्या आणि दुर्बीण किमान दोन, नाहीतर मुलांची ऐन वेळी भांडणं होतील.