मदत हवी आहे: माणसाने राखलेल्या जंगलातली विविधता कशी तपासावी?

नमस्कार मंडळी. जंगलाला हात लावला नाही की वनस्पतींची विविधता आपोआप टिकते, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. वाचत गेलो तसं ते डळमळीत झालं. जपानच्या सातोयामा, म्हणजे गावालगतच्या, गावकरी वापरत त्या रानांत ओकची झाडं सरपणासाठी ठरावीक वर्षांनी बुंध्याशी तोडत, पालापाचोळा खतासाठी गोळा करत. त्यामुळे ऊन जमिनीपर्यंत पोचे आणि काताकुरीसारखी वसंतात फुलणारी छोटी रोपं तगत. गॅस आणि रासायनिक खतं आल्यावर ती रानं सोडून दिली गेली, आणि खाली ठेंगणा बांबू माजला. इथिओपियात मात्र चर्चभोवतीची रानं तोडू दिली नाहीत म्हणूनच उरली.

म्हणजे एकीकडे तोडल्याने टिकलं, दुसरीकडे न तोडल्याने!

माझी अडचण अशी: श्रद्धेने राखलेली जागा मुळातच पाणथळ किंवा उंचावरची असेल, तर तिथली विविधता संस्कृतीमुळे की जमिनीमुळे, हे वेगळं कसं काढायचं? आणि नुसती प्रजातींची संख्या मोजून भागेल का? तोडलेल्या रानात उन्हातलं तण वाढूनही आकडा फुगतो. प्रत्यक्ष मोजणी केलेल्यांनी कृपया सांगा.